मातीला मानधन लागत नाही : संगीत अभ्यासमंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
संगीत अभ्यासमंडळ

सप्रेम नमस्कार.

पुढच्या शैक्षणिक वर्षापासून लागू होणाऱ्या बी. ए. संगीताच्या सुधारित अभ्यासक्रमाचं परिपत्रक आमच्या महाविद्यालयात पोचलं. लोकसंगीताचा चार श्रेयांकांचा पेपर त्यात दोन श्रेयांकांवर आला आहे. प्रात्यक्षिक पूर्ण काढलं आहे. उरलेल्या लेखी पेपरचं नाव आहे ‘लोकसंगीत : परिचय व महत्त्व’. आणखी काही पानं उलटली की अतिथी व्याख्यात्यांच्या पात्रतेचा तक्ता येतो. त्यात आता पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा सक्तीची आहे. म्हणजे आजवर आमच्याकडे शिकवायला येणाऱ्या लोककलावंताचं बिल यापुढे लेखा विभागात अडकणार आणि त्यांचं येणं बंद होणार. दोन्ही तरतुदी शेजारी ठेवून वाचा. संगीताचा विद्यार्थी एकाही लोकवाद्याला हात न लावता, एकाही लोककलावंतासमोर न बसता, लोकसंगीताचं ‘महत्त्व’ लिहून पास होणार आहे.

याबद्दलचं निवेदन मी रीतसर प्राचार्यांमार्फत पाठवलं होतं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. विषय माझ्या वर्कलोडपुरता असता तर मी गप्प बसले असते. तसा तो नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

मी तालुक्याच्या गावात एका संलग्न महाविद्यालयात संगीत शिकवते. माझी तालीम ख्यालाची, म्हणजे शास्त्रीय गायनाची. त्यामुळे ‘ही लोकसंगीतवाली, आपल्या घराची बाजू घेते’ असं कुणी म्हणू नये. राग शिकवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि आवडीचंही. पण माझ्या वर्गात बसणारी पोरं कुठून येतात ते मला दिसतं. अश्विनात आमच्या रस्त्यावरून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. वर्गातल्या कितीतरी घरांत लग्नानंतर गोंधळ घालतात, काहींकडे जागरण असतं. कुणाचा चुलता हलगी वाजवतो, पण पोरगा वर्गात ते सांगत नाही. संगीताच्या वर्गात बसून स्वतःच्या घरातलं संगीत लपवावंसं वाटणं, हे मला कायम खटकत आलं आहे.

लोकसंगीताच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एक वाक्य लिहिते : ‘लोकसंगीत म्हणजे ........, कारण ........’ दोन्ही रिकाम्या जागा भरायच्या, कागदावर नाव घालायचं नाही. युक्ती माझी नाही. शिक्षणशास्त्राच्या संशोधनात ती रुळलेली आहे, तुर्कस्तानात तर संगीताच्या विद्यार्थ्यांकडून अशी वाक्यं भरून घेऊन अभ्यास केले जातात. तिच्यामागे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लॅकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये मांडलेलं म्हणणं आहे : रूपक हा बोलण्यावरचा दागिना नाही, माणूस विचारच रूपकातून करतो. एखाद्या गोष्टीला आपण मनात काय ठरवून टाकलं आहे, त्यावर तिच्याशी कसं वागायचं ते ठरतं.

सगळ्यात जास्त कागदांवर येते ती माती. मातीचा सुगंध, पहिल्या पावसाचा वास, मातीशी नाळ. त्याखालोखाल झाडाची मुळं आणि नदीचा उगम. मग आजी. मग खाण, नाहीतर पैलू न पाडलेला हिरा. ठेचा-भाकरी हमखास असते, एखादी गोधडीही. ऐकायला सगळं गोड आहे. खरी गंमत ‘कारण’च्या पुढे असते.

मुळं, कारण ती जमिनीखाली असतात आणि वर शास्त्रीय संगीताचं झाड उभं असतं. उगम, कारण नदी तिथून निघते आणि पुढे जाऊन मोठी होते. हिरा, कारण पैलू पाडल्याशिवाय त्याला किंमत नाही. आजी, कारण तिची माया वाटते पण तिला आजचं काही कळत नाही. ठेचा, कारण रोज चालत नाही, कधीतरी बदल म्हणून झकास लागतो.

एकामागोमाग एक वाचत गेलं की अंगावर येतं. प्रत्येक उत्तरात लोकसंगीत आधीचं आहे, खालचं आहे किंवा अर्धं आहे. दुसऱ्या कशाची तरी ती तयारी आहे. आणि आजी सोडली तर कुठल्याच उत्तरात माणूस नाही. माती, मूळ, झरा, खाण, भाकरी. मातीला रियाज करावा लागत नाही. मातीला गुरू नसतो, तिचं काही चुकत नाही, आणि मानधन तर तिला लागतच नाही.

पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. हे सगळं त्यांनी निवेदकांच्या तोंडून, गाइडमधून आणि आपल्याच प्रश्नपत्रिकांमधून उचललेलं आहे. नावं नसली तरी मला अक्षरं ओळखू येतात. ज्याचा चुलता हलगी वाजवतो त्यानंही ‘मातीचा सुगंध’च लिहिलेला असतो. पावसाळी हवेत हलगी जाळावर धरायची, थाप मारून बघायची, पुन्हा धरायची, तिचा आवाज उघडेपर्यंत घाई करायची नाही, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं आहे. तानपुरा जुळवताना मी जे करते तेच काम त्याचा चुलता जाळापाशी बसून करतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. आपल्या नव्या पेपरमध्येही ते कुठे येत नाही.

आता आपण जे काढून टाकलंत त्या प्रात्यक्षिकात काय होत होतं ते सांगते, कारण परिपत्रक तयार करणाऱ्यांपैकी कुणी ते पाहिलं असेल असं वाटत नाही.

आमच्याकडे एक गोंधळी यायचे. घरात पिढीजात संबळ. मुलं त्यांना काका म्हणायची. (मी मॅडम, तबल्याचे ते सर, आणि हे काका. यावरही एक वेगळं पत्र होईल.) पहिल्या दिवशी तबल्याची मुलं जरा ऐटीतच बसलेली असत. दोन लहानमोठी वाद्यं एकत्र बांधलेली, वाजवायला दोन काठ्या, त्यातल्या एकीचं टोक आकड्यासारखं वळलेलं. ‘यात काय, केहरवाच तर आहे,’ म्हणून एकानं काठ्या घेतल्या. आवाज असा निघाला की मागच्या बाकावरच्या मुली फिस्सकन हसल्या. वळलेल्या काठीचं टोक चामड्यावर कुठे पडतं आणि कधी सुटतं यावर नाद ठरतो, आणि तिथे तबल्याचं मनगट कामाला येत नाही. नुसता स्वच्छ आवाज निघायला त्या मुलाला पुष्कळ तास घासावं लागलं.

खरी पंचाईत आवाहनात झाली. गोंधळाच्या सुरुवातीला देवांना त्यांच्या गावांसकट बोलावतात. तुळजापूरची भवानी, गोंधळा ये. कोल्हापूरची लक्ष्मी, गोंधळा ये. माहूरची रेणुका, गोंधळा ये. मुलांनी वहीत केहरव्याच्या आठ मात्रांची चौकट आखली आणि एकेक नाव भरायला घेतलं. तुळजापूर बसलं, कोल्हापूर बसलं, माहूर आखूड पडलं. मग एकीनं आपल्या गावच्या देवीचं लांबलचक नाव सांगितलं, ते चौकटीतून बाहेर सांडलं. काका वहीत डोकावून म्हणाले, ‘गाव आखूड म्हणून देवी आखूड होती व्हय? ओढा की तिला.’ आणि गाऊन दाखवलं. माहूरच्या ‘हू’वर आवाज असा ताणला की संबळाचा तोडा बरोबर ‘गोंधळा ये’च्या तोंडाशी येऊन पडला. नाव दर वेळी वेगळ्या लांबीचं, चाल तीच, ठोका तोच. कुठलं अक्षर ताणायचं आणि कुठलं गिळायचं याचा निर्णय गाता गाता, तिथल्या तिथे. बंदिशीचे शब्द तालाच्या आवर्तनात कसे टाकायचे आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसं यायचं हे ज्या मुलांना मी महिनोन्महिने शिकवत होते, त्यांना त्या दिवशी ते दुसऱ्याच बाजूनं उमगलं.

तुणतुण्याला एका मुलीनं आधी ‘गरिबाचा तानपुरा’ म्हटलं होतं. एकच तार, म्हणून गरीब. काकांच्या साथीला उभं राहून वाजवल्यावर तिला कळलं की तानपुऱ्याला लयीशी देणंघेणं नसतं, तुणतुण्याला सूर आणि लय दोन्ही एकाच बोटानं सांभाळायचे असतात. वर गायकाची पट्टी काळी पाच, म्हणजे चांगलीच उंच. तिथे पोचायचं तर कंठ उघडा टाकावा लागतो, आणि आम्ही तीन वर्षं शिकवलेला गोल, झाकलेला आवाज तिथे अवघडतो.

सत्राच्या शेवटी मी तेच वाक्य पुन्हा फळ्यावर लिहायची. काही उत्तरं माझ्याकडे आहेत. ‘लोकसंगीत म्हणजे चालत्या ट्रॉलीत उभं राहणं, कारण ट्रॅक्टर आपल्यासाठी थांबत नाही, तोल आपणच सांभाळायचा.’ ‘खो-खो, कारण आपण कधी उठायचं ते पाठीवर थाप पडल्याशिवाय कळत नाही.’ हे साथीला उभं राहून ‘गोंधळा ये’ उचलणाऱ्याचं असणार. तबल्यावाल्या एकानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘डोकेदुखी, कारण सम सापडत नाही.’ मातीही काही कागदांवर होती, नाही असं नाही. माझा वर्ग लहान आहे, हा काही शोधनिबंध नव्हे, आणि यावरून मी सगळ्या महाराष्ट्राबद्दल बोलणार नाही. पण एवढं दिसत होतं की जे वाजवून आले त्यांच्या उत्तरात करणारा माणूस आला. त्याला जमणं आलं, न जमणं आलं, दुसऱ्याच्या हालचालीकडे लक्ष ठेवणं आलं. यातली एकही ओळ ‘महत्त्व’ या धड्यातून आली नसती.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी म्हणजे आपण ठेवलेला लेखी पेपर. हात, गळा, कान बाजूला ठेवून लोकसंगीत शिकवायचं म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. परिपत्रकासोबतच्या नमुना प्रश्नपत्रिकेत पहिलाच प्रश्न आहे : ‘लोकसंगीत व शास्त्रीय संगीत यांतील फरक स्पष्ट करा.’ अपेक्षित उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मधोमध उभी रेघ. डावीकडे नियमबद्ध, उजवीकडे नियममुक्त. डावीकडे गुरुमुखी विद्या, उजवीकडे सहजस्फूर्त. डावीकडे रचनाकार ज्ञात, उजवीकडे अनाम.

ज्यानं माहूर ओढून पाहिलं आहे तो ‘नियममुक्त’ लिहू शकत नाही, आणि लिहिलं नाही तर त्याचे गुण जातात. गोंधळात आवाहनाआधी आख्यान लागत नाही. पालघरच्या वारली पाड्यांवर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं तेव्हा वाजवणारा चाल बदलतो आणि त्याबरोबर नाचणाऱ्यांचं पाऊल बदलतं, तो वळला की रांग वळते. याला नियम म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? फक्त तो आपल्या पुस्तकात छापलेला नाही. ‘सहजस्फूर्त’ हे तर काकांच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नाही. लहानपणी काठी चुकली की हातावर बसायची, असं ते सांगायचे.

आणि ‘अनाम’? राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव हे शाहीर आपल्या लावणीच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफून ठेवतात. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आज कुणालाही वाचता-ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या नावासकट आणि गावासकट. नावं आहेत. विचारायला गेलं तर मिळतात. आपण विचारलं नाही, एवढाच त्या ‘अनाम’चा अर्थ. या संग्रहाचा उल्लेख नव्या अभ्यासक्रमाच्या संदर्भसाहित्यात नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं.

दुसरी तक्रार पहिल्या घटकाच्या शीर्षकाबद्दल : ‘लोकसंगीताचे शास्त्रीय संगीताला योगदान’. विद्यार्थ्यांच्या मनातलं मूळ-झाडाचं चित्र आपण इथे अधिकृत करून टाकलं आहे. लोकसंगीतानं दुसऱ्याला काय दिलं यावर त्याची किंमत ठरवायची. हाच विद्यार्थी पलीकडच्या इतिहासाच्या पेपरात मतंगाच्या ‘बृहद्देशी’ या प्राचीन संगीतग्रंथावर टीप लिहितो. त्या ग्रंथात देशी संगीताची जी व्याख्या आहे, तीत बायका, मुलं, गुराखी आणि राजे एकाच ओळीत आहेत. आपापल्या प्रदेशात, आपल्या इच्छेनं, प्रेमानं ते जे गातात ते देशी. टिपेत हे येत नाही, ग्रंथाचं नाव आणि शतक तेवढं येतं. ११२९ च्या सुमारास चालुक्य राजा सोमेश्वर यानं लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी राहून शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही ओवी आहे. ज्या ग्रंथांना आपण शास्त्राचे आधार मानतो त्यांना ओवीची दखल घ्यावीशी वाटली, आणि पुढे जाऊन ती कशाचा कच्चा माल होणार आहे हे सांगण्याची गरज वाटली नाही.

इथे कुणीतरी कुमार गंधर्वांचं नाव घेणारच, म्हणून मीच घेते. ‘हिऱ्याला पैलू’ लिहिणारी मुलंही त्यांचाच दाखला देतात. क्षयाच्या आजारपणात ते देवासला स्थिरावले, माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली, आणि त्यातून पुढे त्यांनी धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून निघालेले, राग बांधले. १९६५ मध्ये निघालेल्या ‘अनूपरागविलासा’त ते सापडतात. पण त्याआधी त्यांनी काय केलं? ती गाणी जमवली, टिपून घेतली, कुठली कुठल्या ऋतूत आणि कुठल्या प्रसंगी म्हणतात ते पाहिलं, मोजक्या स्वरांत धून पुरी कशी होते याचा छडा लावला. त्या गाण्यांपाशी ते विद्यार्थी म्हणून बसले. आपण मुलांना त्यातला शेवटचा राग शिकवतो आणि बसणं वगळतो.

तिसरी तक्रार पात्रतेच्या तक्त्याची. यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या तक्त्याप्रमाणे त्या आमच्या वर्गात लावणीचा एक तास घ्यायला अपात्र ठरल्या असत्या. गोंधळी, वासुदेव, वाघ्या-मुरळी, हलगीवाले, कोल्हाटी, ज्यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाडवडिलांना महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत कुणी घेतलं नाही. आता त्यांच्याच विद्येचा पेपर आतमध्ये आला, तर दारावर नेट-सेटची अट. जातीचा विषय काढला की बैठकीत खुर्च्या सरकतात हे मला माहीत आहे. पण ‘माती’ म्हटलं की हा विषय काढावाच लागत नाही, हीच त्या रूपकाची सोय आहे.

नियमांचा अडथळा आहे, असंही म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. क्षेत्रातल्या जाणकाराला औपचारिक पदवीच्या अटीशिवाय वर्गात आणता यावं, हाच त्यांचा हेतू. २०२३ मध्ये स्थानिक कलावंत आणि कारागीर यांना उच्च शिक्षणसंस्थांशी जोडून घेण्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. नव्या शैक्षणिक धोरणाच्या नावानं आपण हा अभ्यासक्रम बदललात, आणि ते धोरण तर स्थानिक कला आणि भारतीय ज्ञानपरंपरेबद्दल पानोपानी बोलतं. मग आपल्या तक्त्यात एक रकाना वाढवायला हरकत कुणाची आहे?

चौथी तक्रार थोडक्यात. युवा महोत्सव आला की लोकवाद्यवृंदासाठी, लोकनृत्यासाठी याच काकांना फोन जातो. तेव्हा नेट-सेट कुणी विचारत नाही. करंडक कार्यालयातल्या काचेच्या कपाटात जातो, काकांचं नाव प्रमाणपत्रावरही येत नाही.

आपल्या बाजूच्या अडचणी मला ठाऊक आहेत. प्रात्यक्षिकाला परीक्षक मिळत नाहीत. कितीतरी ठिकाणी प्रात्यक्षिक म्हणजे हार्मोनियमवर एक कोळीगीत आणि एक लावणी, तीही मोबाईलवरच्या ट्रॅकसोबत, एवढंच उरलं होतं. काही प्राचार्यांना संबळाचा आवाज शेजारच्या वाणिज्यच्या वर्गाला त्रास देतो असं वाटतं, आणि तो देतोही. पण प्रात्यक्षिक नीट होत नसेल तर ते नीट करायचं असतं. ख्यालाची प्रात्यक्षिकं तरी सगळीकडे कुठे धड होतात? ती काढून टाकायचं कुणाच्या मनात येत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

लोकसंगीताच्या पेपरला प्रात्यक्षिकाचे दोन श्रेयांक परत द्यावेत. एका प्रात्यक्षिक श्रेयांकाला ३० तास धरले तर ते ६० तास होतात. एका प्रकारात नीट बसायला हे जेमतेम पुरतील, पण पुरतील.

त्या ६० तासांत डझनभर लोकप्रकारांची ओळख करून देण्याचा आग्रह धरू नये. प्रत्येक महाविद्यालयानं आपल्या पंचक्रोशीत आज चालू असलेला एक प्रकार निवडावा आणि तोच शिकवावा. कोकणातल्या मुलांना दशावतार, आमच्याकडे गोंधळ, सांगोला-माणच्या बाजूला धनगरी ओवी आणि ढोल. सगळ्यांना सगळं हवं असेल तर त्यासाठी लेखी पेपर आहेच.

पात्रतेच्या तक्त्यात परंपरागत लोककलावंतासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा, आयोगाच्या २०२२ आणि २०२३ च्या तत्त्वांचा आधार घेऊन. तासाचं मानधन इतर अतिथी व्याख्यात्यांइतकंच असावं, आणि ते सत्र संपायच्या आत मिळावं. कलावंताकडून जातीचा दाखला, पॅन, पासबुक आणि बंधपत्र मागून त्याला तीनदा हेलपाटे घालायला लावू नयेत.

प्रात्यक्षिक परीक्षेला आपल्या परीक्षकाच्या शेजारी एक कलावंत बसावा आणि निम्मे गुण त्याच्या हातात असावेत.

‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न काढावा. संगीतशास्त्राचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा संगीतकोटी मांडून, प्रत्येकीकडे तिच्या तिच्या नियमांनी पाहायला शिकवलं. तो विचार मराठीत उपलब्ध आहे. पहिला घटक त्याचा ठेवावा, ‘योगदाना’चा नको. ओव्यांचा संग्रह श्रवणासाठी नेमावा, आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं घरातल्या किंवा गल्लीतल्या एका गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाची नावासह नोंद करावी. ध्वनिमुद्रण त्याच्या परवानगीनं व्हावं आणि त्याची एक प्रत त्याला मिळावी. हलगीवाल्याच्या पुतण्याला या नोंदीला गुण मिळाले तर मला विशेष आनंद होईल.

पेपरच्या नावातून ‘महत्त्व’ हा शब्द वगळावा. यमन राग शिकवताना आपण ‘यमनचं महत्त्व’ असा पेपर काढत नाही.

हे सगळं ठरेपर्यंत नव्या पेपरची अंमलबजावणी एक वर्ष पुढे ढकलावी आणि जुना पेपर चालू ठेवावा. त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही, फक्त परिपत्रकातल्या दोन ओळी मागे घ्याव्या लागतील.

अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. आपण बोलावलंत तर मी येईन आणि काकांनाही विचारेन. ते यायला तयार झाले तर संबळ घेऊन येतील, आणि अर्धा तास बैठक त्यांच्या आवाजात चालेल. त्यांचा प्रवासखर्च आणि मानधन मात्र विद्यापीठाला द्यावं लागेल.

कळावे,

आपली विश्वासू,
संलग्न महाविद्यालयातील एक संगीत शिक्षिका